चुलीचा वैल आणि वाया जाणारी उष्णता



अनेक देवस्थानांच्या अन्नछत्रांत एक दृश्य नित्य दिसते. महाप्रसादाचा भात लाकडाच्या भट्टीवर शिजत असतो, भट्टीचा तप्त धूर धुराड्यातून आकाशात जात असतो आणि दहा पावलांवर भांडी धुण्याचे पाणी तापविण्यासाठी गॅसची वेगळी शेगडी पेटलेली असते. एका उष्णतेस आपण वाट करून देतो व दुसरी पैसे मोजून विकत आणतो. हा पैसा भाविकांच्या दानाचा असल्याने या विषयाचा विचार करणे विश्वस्तांचे व सभासदांचेही कर्तव्य ठरते.

पूर्वजांची युक्ती

वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरणे ही कल्पना आपणांस नवीन नाही. आपल्या जुन्या घरांत चुलीच्या शेजारी वैल असे. मुख्य चुलीतील जाळ व ऊन धूर आतल्या मार्गाने वैलाखाली येई आणि त्यावर दूध, वरण अथवा पाणी तापत राही. वैलासाठी निराळे लाकूड लागत नसे. तांब्याचा बंबही याच विचाराचा. त्याच्या मधोमध विस्तवाची नळी व सभोवती पाणी असते. धूर वर जाता जाता आपली उष्णता नळीच्या भिंतीतून पाण्यास देतो. ज्या उपकरणास आज उष्णता विनिमयक म्हणतात, त्याचेच हे घरगुती रूप होय.

साखर कारखान्यातील उदाहरण

कोल्हापूर-बेळगाव परिसरातील साखर कारखाने अनेकांनी पाहिले असतील. तेथे उसाचा रस आटविण्यासाठी पात्रांची रांग असते. पहिल्या पात्रातील रसातून निघालेली वाफ हवेत न सोडता दुसऱ्या पात्रातील रस उकळविण्यासाठी वापरतात, दुसऱ्याची तिसऱ्यासाठी. पुढील प्रत्येक पात्रात दाब कमी ठेवलेला असल्याने तेथील रस कमी तापमानास उकळतो, म्हणून हे साधते. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील लुईझियाना येथील अभियंता नॉर्बर्ट रिलिये यांनी 1843 साली घेतले. सहवीजनिर्मितीतही हेच तत्त्व आहे. उसाच्या चिपाडावर तयार केलेली उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज देते आणि त्यानंतर रस आटविण्याच्या कामी येते.

तीन गोष्टींचा मेळ

उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच आपोआप जाते. म्हणून कोमट उष्णतेने भात शिजणार नाही, परंतु आंघोळीचे अथवा भांड्यांचे पाणी तापू शकेल. योजना करताना तीन प्रश्न विचारावेत. उष्णता किती तापमानाची आहे? ती हवी असलेली जागा जवळ आहे काय? दोहोंची वेळ जुळते काय? वेळ जुळत नसल्यास आवरण घातलेल्या टाकीत गरम पाणी साठवून ठेवता येते.

एक साधा हिशेब

200 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास 7,000 किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅसपासून सुमारे 11,000 किलोकॅलरी मिळतात. शेगडीची निम्मी उष्णता पाण्यास लागते असे धरल्यास रोज सुमारे सव्वा किलो गॅस खर्च होतो. वर्षाकाठी हे 19 किलोचे सुमारे 24 सिलिंडर झाले. हेच पाणी भट्टीच्या धुराड्याभोवती तापले, तर हा खर्च वाचेल. ज्या अन्नछत्रांत वाफेवर स्वयंपाक होतो, तेथे भांड्यांतून परत येणारे वाफेचे गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरकडे न्यावे. बॉयलरला जाणारे पाणी दर 6 अंशांनी अधिक गरम झाले, की इंधनात सुमारे 1 टक्का बचत होते.

घ्यावयाची काळजी

1. धुरातील सर्व उष्णता काढून घेण्याचा लोभ धरू नये. धूर फार थंड झाल्यास धुराड्याची ओढ कमी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू स्वयंपाकघरात परततो. त्यास रंग वा वास नसल्याने आचाऱ्यांच्या जिवास धोका संभवतो.
2. पाण्याचे पात्र कधीही पूर्ण बंद नसावे. वाफ निघून जाण्यास वरच्या बाजूस मोकळी नळी असावी, अन्यथा दाब वाढून पात्र फुटू शकते.
3. काजळी साचल्यास उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. सफाईसाठी झाकण ठेवून ती नियमित काढावी.
4. असे पाणी धुण्यासाठीच वापरावे. पिण्यास अथवा शिजविण्यास घेऊ नये.
5. हे काम जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

आधी बचत, मग पुनर्वापर

उष्णता वाया गेल्यानंतर ती पकडण्यापेक्षा वाया जाऊ न देणे केव्हाही स्वस्त. लाकूड वाळलेले असावे, कारण ओल्या लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. पातेल्यावर झाकण असावे. भट्टीचे तोंड पातेल्याच्या बुडाशी जुळते असावे. गरम पाण्याच्या नळांवर आवरण असावे. यांस फारसा खर्च येत नाही आणि स्वयंपाकघरातील उकाडाही कमी होतो. उन्हाळ्यात भट्टीपाशी तासन्‌तास उभे राहणाऱ्या सेवेकऱ्यांना त्याचे मोल अधिक कळेल.

अन्नाचे शीतही वाया जाऊ नये, अशी आपली शिकवण आहे. ज्या अग्नीवर ते अन्न शिजते, त्या अग्नीविषयीही तोच भाव असावा. श्रींच्या कृपेने ही दृष्टी सर्वांस लाभो, ही प्रार्थना.