चित्तविकृतीवरील औषधे : उपयोग आणि दक्षता

मालवण किनाऱ्यावरील एखाद्या घरातील कर्ता तरुण अबोल होतो, कानांत कोणी बोलत असल्याचे सांगतो, शेजाऱ्यांवर संशय घेऊ लागतो. कुटुंबीय प्रथम देवाला गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात. या श्रद्धेने त्यांना धीर मिळतो. तथापि, ही लक्षणे बहुधा स्किझोफ्रेनिया अथवा तत्सम चित्तविकृतीची असतात. हा आजार औषधांनी आटोक्यात येतो. उपचारास विलंब झाल्यास मात्र बळावतो.

भारतात १९३१ मध्येच सेन व बोस यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांचा उन्मादावरील उपयोग नोंदविला होता. पुढे १९५२ मध्ये पॅरिस येथे डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर केला आणि आधुनिक उपचारांना दिशा मिळाली. त्यानंतर हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे आली. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे कार्य ती नियंत्रित करतात. त्यामुळे भास व संशय ओसरतात, झोप सुधारते आणि रुग्ण कामावर परतू शकतो.

संभाव्य धोके

ही औषधे गुणकारी असली, तरी निर्धोक नाहीत. हातापायांना कंप सुटणे, अंग ताठरणे, गुंगी येणे, वजन व रक्तातील साखर वाढणे हे परिणाम आढळतात. दीर्घकाळ उपचारानंतर काहींच्या तोंडाच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. क्लोरप्रोमाझिनमुळे त्वचेला ऊन बाधते. काही औषधांमुळे घाम कमी येऊन उष्माघाताचा संभव वाढतो. रापण ओढणाऱ्यांनी वा होडीवर जाणाऱ्यांनी याचे विशेष भान ठेवावे. गुंगी असताना समुद्रात जाऊ नये. मद्य वर्ज्य करावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो.

सर्वाधिक सावधगिरी तापाच्या बाबतीत हवी. पावसाळ्यात ताप आला की हिवताप वा लेप्टोस्पायरोसिसची शंका प्रथम येते, आणि ती योग्यच होय. परंतु ही औषधे घेणाऱ्या रुग्णास तापासोबत अंग लाकडासारखे ताठ होऊन शुद्ध हरपू लागल्यास तो औषधाचाच दुर्मिळ पण प्राणघातक परिणाम असू शकतो. क्लोझापिन हे औषध अन्य औषधे निष्फळ ठरल्यावर देतात. त्याने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात; म्हणून रक्ततपासणी नियमित करावी लागते. असा रुग्ण ताप किंवा घसादुखीची तक्रार करील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दोन्ही प्रसंगी चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.

औषध परस्पर बंद नको

बरे वाटताच गोळ्या थांबविणे ही नित्याची चूक होय. त्यामुळे आजार उलटतो. त्रास होत असल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात वा औषध बदलतात. रोज गोळी घेणे न जमणाऱ्यांसाठी काही आठवड्यांनी एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही उपलब्ध आहेत.

रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मोफत सल्लाही मिळतो.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघर पोहोचवावी. रुग्णाला वेडा म्हणून हिणवू न देणे आणि त्याच्या गोळ्या चुकत नाहीत ना, याची घरच्यांकडे आपुलकीने विचारपूस करणे, एवढ्यानेही एक संसार सावरू शकेल.