संसारी विद्यार्थ्याने फी भरावी कशी?

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आमच्या सोसायटीच्या खोलीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम चालते. पूर्वी छापील अर्ज असत, आता ते महाडीबीटीवर भरावे लागतात. बाकावर बसलेली बहुतेक मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. अलीकडे मात्र त्यांच्या शेजारी पस्तीस-चाळीस वर्षांची माणसेही येऊन बसू लागली आहेत. कोणी हिंगण्याच्या एम.आय.डी.सी.त सुरक्षारक्षक आहे, कोणी अंगणवाडीत मदतनीस आहे, कोणाचे बारावीनंतर लग्न झाले आणि पुस्तके माळ्यावर गेली ती गेलीच. त्यांचा अर्ज भरताना आमचे गाडे एका रकान्याशी हमखास अडते. तो रकाना म्हणजे पालकाचे वार्षिक उत्पन्न. गेल्या हंगामात इंदोऱ्याच्या एका ताईंनी विचारले, "भाऊ, बाबाले जाऊन बारा वर्षं झाली. आता माहा पालक कोन लिहाचा?" खोलीतले सगळे हसले, ताईही हसल्या. पण प्रश्न अगदी रास्त होता.

विद्यार्थी म्हणजे कोणाचे तरी मूल, त्याला वरून कोणीतरी पोसते, असे शिक्षणविषयक योजनांनी बहुधा गृहीत धरलेले असते. जो स्वतःच चार जणांना पोसतो आणि तरीही शिकू इच्छितो, त्याची आठवण नियम करणाऱ्यांना फारशी झालेली दिसत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याने कोणती योजना आहे एवढेच विचारून भागत नाही. त्या योजनेत आपण कोठे बसतो, हे त्याला स्वतः शोधावे लागते. हे शोधताना आम्हाला जे कळले, ते सभासद बंधु-भगिनींसाठी येथे मांडत आहोत.

प्रथम ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या घरांतील सर्वांत ओळखीची योजना. ती १९४४ सालापासून चालू आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या योजनेच्या २०१० च्या नियमावलीत म्हटले आहे की आई-वडिलांपैकी कोणी हयात असेल तोवर त्यांचेच उत्पन्न धरावे, आणि विवाहित व बेरोजगार विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरावे. म्हणजे घर सांभाळणाऱ्या ताईंनी वडिलांच्या नावाने घोर लावून घेण्याचे कारण नाही, पतीच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला पुरतो. स्वतः नोकरी करणाऱ्याचे स्वतःचे आणि पालकांचे उत्पन्न मिळून मर्यादेच्या आत असले, तर त्याला सक्तीच्या आणि परत न मिळणाऱ्या शुल्काची प्रतिपूर्ती मिळू शकते, निर्वाहभत्ता मात्र नाही. संपूर्ण अभ्यासक्रमाच्या काळापुरती बिनपगारी रजा घेऊन पूर्णवेळ शिकणाऱ्याचा विचारही त्या नियमावलीत आहे. उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून वार्षिक अडीच लाख रुपये आहे. वयाची अट त्या नियमावलीत आम्हाला कोठे आढळली नाही. "वय झालं, आता कोण देते?" असे म्हणून परत फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले म्हणजे सारे संपले, असाही एक गैरसमज आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. तिला लोक फ्रीशिप म्हणतात. ती मर्यादेच्या वरच्या उत्पन्नवाल्यांसाठीच आहे. तिच्यात भत्ता नाही, पण फी सुटते.

आता खरी अडचण सांगतो. फी हा संसारी विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा खर्च नाहीच. २०२१ साली केंद्राने या शिष्यवृत्तीचे दर सुधारले. त्यात बी.ए., बी.कॉम.सारख्या पदवीला घरी राहून शिकणाऱ्यासाठी वर्षाला ३००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यासाठी ६००० रुपये भत्ता ठरला. रोजाचे पाचशे धरले, तर ३००० म्हणजे सहा दिवसांची मजुरी. ज्याला कॉलेजात दररोज हजेरी लावायची आहे, त्याची मजुरी सहा दिवसांची नव्हे, वर्षभराची बुडते. बुडालेली मजुरी भरून देणारी योजना आम्हाला आजवर सापडलेली नाही. म्हणून आम्ही आलेल्या माणसाला फीचा आकडा विचारण्याआधी वर्ग किती वाजता भरतात ते विचारतो. काही जणांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण सकाळी साडेसातला भरून अकराला सुटणारा वर्ग आणि अकराला भरून पाचला सुटणारा वर्ग यांची फी सारखी असली, तरी किंमत सारखी नसते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना सोयीचे पडावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते. ही जाण त्यांना स्वानुभवातून आलेली होती, कारण ते स्वतः संसार पाठीशी घेऊन शिक्षणाकडे परतलेले विद्यार्थी होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. परंतु १९१७ साली ती शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, हा भाग आपण भाषणांत घाईने उरकतो. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र ते लंडन विद्यापीठाकडून घेऊन आले होते. पुढे नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली. त्या पगारातून रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम देऊन उरलेला पैसा ते साठवत. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार होता. मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि जुलैमध्ये ते लंडनला निघाले. त्यासाठी स्वतःची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज होते. त्या वेळी त्यांचे वय २९ होते. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

येथे आम्ही पदव्यांकडे नव्हे, हिशेबाकडे लक्ष वेधू इच्छितो. तीन ठिकाणांहून पैसा उभा केला तेव्हा एक शिक्षण पुरे झाले. त्यातही शिल्लक आधी केली, कर्ज मागाहून घेतले, आणि घरखर्चाची रक्कम शिक्षणाच्या पैशात मिसळू दिली नाही. आमच्याकडे येणारी माणसे नेमके उलटे करतात. आधी प्रवेश घेतात, मग सावकार शोधतात.

आता दोन-तीन फसगतींविषयी. आमच्या एका सभासदाच्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेत पदविकेला प्रवेश घेतला. "स्कॉलरशिप मिळते, पैसे मागाहून परत येतात" असे तोंडी सांगण्यात आले. त्याने पत्नीचे मंगळसूत्र गहाण ठेवून चाळीस हजार भरले. अर्ज भरायला आमच्याकडे आला, तेव्हा त्या अभ्यासक्रमाचे नाव यादीतच नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत आणि त्याने शिक्षणही सोडले. तेव्हापासून आम्ही सांगतो की पैसे भरण्यापूर्वी महाडीबीटीवर त्या महाविद्यालयाचे आणि अभ्यासक्रमाचे, दोहोंचे नाव पाहावे. महाविद्यालय मान्यताप्राप्त असून एखादा अभ्यासक्रम तसा नसणे अशक्य नाही. दीक्षाभूमीसमोरच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याण कार्यालय आहे, तेथे जाऊन विचारले तरी चालते. एक फेरी पडते, पण मंगळसूत्र वाचते.

दुसरी गोष्ट जुन्या शिक्षणाची. एका पायरीचे शिक्षण पुरे झाल्यावर त्याच पायरीवर दुसऱ्या विषयात पुन्हा शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. झालेल्याला पुन्हा बी.कॉम.साठी ती मिळायची नाही, वर एम.ए.ला जायचे असेल तर मिळू शकते. पूर्वी शिष्यवृत्ती घेऊन मध्येच कॉलेज सोडले असेल, तर ती रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. म्हणून जुनी हकीगत लपवू नये, अर्ज भरणाऱ्याला आधीच सांगावी.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. २०२१ च्या बदलानंतर केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. तरुण मुलाचे खाते सहसा रिकामेच असते. संसारी माणसाच्या खात्यावर मात्र गॅस, किराणा, मुलाची शाळा आणि भिशीचा हप्ता टपून बसलेले असतात. पैसा आला तसा जातो आणि वर्षाअखेरीस कॉलेज बाकी मागते. आम्ही कोणाला दोष देत नाही, आमच्याही घरी असेच झाले असते. शिक्षणासाठी बँकेत निराळे खाते काढून आधार त्याला जोडावे. पण आधारवर येणारे दुसरे अनुदान घरात असेल, तर तेही त्याच खात्यात येऊ लागेल, हे विसरू नये.

कागदपत्रांचा जाच वय वाढेल तसा वाढतो. विवाहित भगिनींची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचे, त्यामुळे अर्ज अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवावे. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरच निघतो, पतीच्या नव्हे, आणि त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या भागात कोतवाल बुकाची नक्कल त्या कामी येते. मधल्या वर्षांत शिक्षण का थांबले याचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे ज्याला कॉलेजात गॅप सर्टिफिकेट म्हणतात, तेही लागते. जात, उत्पन्न व रहिवासाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी कचेरीबाहेर स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे भेटतातच.

ज्यांची दहावी किंवा बारावीच राहिली आहे, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देता येते. त्यात मजुरी बुडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पुढे पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले आणि त्याचे विभागीय केंद्र नागपुरात आहे. पत्राद्वारे शिकणाऱ्यांना शुल्काची प्रतिपूर्ती व पुस्तकांसाठी वार्षिक भत्ता देण्याची तरतूद २०१० च्या नियमावलीत होती. आपल्या अभ्यासक्रमाला ती सध्या लागू आहे की नाही, हे अभ्यासकेंद्रावर आणि समाज कल्याणमध्ये, दोन्हीकडे विचारावे. एकाच ठिकाणी विचारू नये, उत्तरे कधी कधी वेगळी मिळतात.

स्वाधार योजनेविषयीही विचारणा होते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ती २०१६-१७ पासून आहे. नागपूरकरांचा तिच्याशी संबंध येत नाही. उमरेड-काटोलकडच्या नातेवाइकांना जरूर सांगावे.

भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचा विचार नोकरदार बंधू बोलून दाखवतात. १९५२ च्या योजनेतील जुन्या नियमात सात वर्षांच्या सभासदत्वानंतर शिक्षणासाठी आपल्या वर्गणीच्या निम्मी रक्कम काढता येत असे, पण ती मुलामुलींच्या मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी. स्वतःच्या लग्नासाठी मिळे, स्वतःच्या शिक्षणासाठी नाही. पुन्हा तोच पालकाचा रकाना! पैसे काढण्याचे नियम सोपे करण्याचा निर्णय निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला आहे. तेव्हा अर्ज करताना नवा नियम विचारून घ्यावा. बँकेचे शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते आणि त्याची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. मात्र ज्या पदवीने पगार वाढण्याची खात्री नाही, तिच्यासाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परिचर्या किंवा बी.एड.साठी आम्ही हो म्हणू. नुसत्या हौसेच्या पदविकेसाठी नाही म्हणू, मग कोणाला राग आला तरी चालेल.

शेवटी सोसायटीच्या अंगणातली गोष्ट. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा महिनोन्महिने येत नाही, आणि परीक्षा शुल्काची तारीख थांबत नाही. या फटीत माणूस सापडतो आणि वर्ष वाया घालवतो. रक्कम बहुधा दोन-तीन हजारांची असते. आपल्या भगिनी भिशी किती चोख चालवतात, हे आपण पाहतोच. तशाच रीतीने परीक्षा शुल्कापुरता एक फिरता निधी सोसायटीने उभारावा. तो बिनव्याजी असावा आणि शिष्यवृत्ती जमा होताच परत करायचा. पैसा महाविद्यालयाच्या खात्यात भरावा, माणसाच्या हाती देऊ नये, आणि परतफेडीची नोंद उघड्या वहीत असावी. दहा जणांनी दोन-दोन हजार घातले तरी सुरुवात होते. आमच्यापैकी चौघांनी आपला वाटा बाजूला काढून ठेवला आहे, हा विषय पुढील वार्षिक सभेत घ्यावा.

इंदोऱ्याच्या ताईंच्या अर्जात आम्ही पतीचे उत्पन्न लिहिले. अर्ज एकदा परत आला, कारण आधारवरील नाव वेगळे होते. विवाहाचा दाखला जोडून तो पुन्हा पाठवला आहे.