नागपूरच्या जरीपटक्याहून दोन गडांची मोहीम

नाव : जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. नागपूरकर भोसल्यांचे ते निशाण एकेकाळी मेळघाटातल्या या दोन्ही गडांवर होते.

गाविलगड : चिखलदऱ्याजवळ. बांधणी १४२५, अहमदशहा बहमनी. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून जिंकला. दोनच दिवसांनी इंग्रज आणि भोसले यांच्यात देवगावचा तह झाला.

नरनाळा : अकोला जिल्हा, पायथ्याशी शहानूर.

चुकवू नये : गाविलगडाच्या दरवाजावर हत्ती पकडलेला दुतोंडी गंडभेरुंड, नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरची अरबी अक्षरांची नक्षी.

हंगाम : दिवाळीनंतर. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात.

वाट : व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. वनखात्याची परवानगी काढा, स्थानिक वाटाड्या घ्या, पाणी-शिदोरी बांधा आणि अंधारापूर्वी गड उतरा.