सतरा इंचांचा शाफ्ट

कोल्हापूरच्या हौशी जीपवाल्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रुंद टायर, चकाकती बॉनेटं आणि पन्हाळ्याच्या वाटेवरचे फोटो असणार. फोटो मिळाले. लेख मात्र गाडीच्या पोटाखालीच अडकला. शिवाजी उद्यमनगरात इंजिन बदलून देणारे पुष्कळ, पाटे चढवून गाडी उंच करणारे त्याहून जास्त. पण ही सगळी हौस ज्या नळ्यातून मागच्या चाकांपर्यंत पोहोचते, तो प्रोपेलर शाफ्ट मापाने बनवून देणाऱ्या दुकानापर्यंत जायला मला तीन ठिकाणी विचारावं लागलं.

उद्यमनगराचा इतिहास इथे उगाळत नाही. यंत्रमहर्षी म्हादबा मिस्त्री, उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिनं, बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात घडवलेला कॅमेरा, ओतशाळा: प्रत्येक स्मरणिकेत हे सापडतं. दुकानात त्यातलं काहीच टांगलेलं नव्हतं. एक लांब पाट्याचा लेथ, गॅसचं नळकांडं, वेल्डिंगचा सेट, भिंतीला टेकवलेले पाइप आणि साठी ओलांडलेले मिस्त्री. आपण मिस्त्रीच म्हणू. नाव छापू नका, असं त्यांनी आधीच बजावलं.

दारात एक सीजे-३बी जीप जॅकवर चढवलेली होती. अमेरिकेत १९५३ साली आलेलं हे मॉडेल महिंद्राने आपल्याकडे बरीच वर्षं बनवलं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघं ८० इंच. गडहिंग्लजहून आलेल्या मालकाने, पंचविशीतल्या पोराने, मूळ पेट्रोल इंजिन काढून टर्बो डिझेल बसवलं होतं, त्याच्या मागे पाच गिअरचा लांब गिअरबॉक्स, आणि वर दोन इंच उंची.

"मामा, माप घ्या की, संध्याकाळी शाफ्ट पायजे."

"आधी गाडी चाकावर घे. टाकी भरून आण. पुढं दोघं बसा. मग माप."

पोराला हा छळ वाटला असेल, पण त्यामागे कारण आहे. चेसीला जॅक लावला की मागच्या अ‍ॅक्सलचं हाऊसिंग खाली लोंबतं आणि गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसपासून हाऊसिंगमधल्या पिनियनचं अंतर वाढतं. त्या मापाने शाफ्ट केला, की गाडी चाकावर येताच तो लांब पडतो. शाफ्टच्या एका टोकाला स्प्लाइनवर सरकणारा योक असतो, तो आत जाऊन टेकतो, आणि पुढच्याच खड्ड्याला सगळा धक्का ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर बसतो. म्हणून मिस्त्री भरल्या गाडीचं माप घेतात आणि योकला आत जायला इंचभर जागा सोडतात. मग दोन्ही फ्लँजवर कोनमापक ठेवून कोन टिपतात. पूर्वी पाणसळ आणि ओळंब्यावर भागवायचे.

कोनासाठी एवढी खळखळ कशाला, हे कळायला शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या क्रॉसकडे बघावं लागतं. अधिक चिन्हासारखा एक पोलादी तुकडा, चार टोकांना चार टोप्या, प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर. सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्डानोचं नाव याला चिकटलं आहे, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याच्या गतीचा अभ्यास केला, आणि मोटारीत तो रुजवला क्लॅरेन्स स्पायसरने. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना साखळीऐवजी शाफ्टवर चालणारी गाडी त्याने केली आणि १९०३ साली पेटंट मिळवलं. आज डाना नावाने चालणाऱ्या कंपनीचं मूळ ते.

या क्रॉसमध्ये एक उपजत खोड आहे आणि ती कुठल्याही कारखान्याला काढता आलेली नाही. तो वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा अलीकडचं टोक एकसारखं फिरत असलं तरी पलीकडचं तसं फिरत नाही. एका फेऱ्यात ते दोनदा पुढे धावतं आणि दोनदा रेंगाळतं. कोन २० अंशांचा असेल आणि अलीकडे मिनिटाला ३००० फेरे असतील, तर पलीकडचा वेग सुमारे २८२० ते ३१९० यांच्यात हेलकावे खातो, तेही सेकंदाला शंभर वेळा. इलाज एकच: दुसऱ्या टोकाला तसाच क्रॉस, तेवढ्याच कोनात, म्हणजे पहिल्याने केलेली चूक दुसरा उलटी करून फेडतो. त्यासाठी शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. सोळा दातांच्या स्प्लाइनवर योक एक दात चुकवून घातला तर साडेबावीस अंशांचा फरक पडतो. जुन्या शाफ्टवर दोन बाण ठोकलेले असतात ते याचसाठी. चिखलाखाली ते दिसत नाहीत आणि गॅरेजमधलं पोरगं घाईत असतं.

मला मात्र खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच कामाने. लेथवर एका पिकअपचा लांब शाफ्ट चढवलेला होता. पाइपात योक ठोकून, चार टॅक मारून, डायल लावून, मग समोरासमोर थोडं थोडं वेल्डिंग, म्हणजे ओढ एका बाजूला जाऊ नये. तरीही ती जातेच. वितळलेला धातू थंड होताना आखडतो आणि पाइपाला आपल्याकडे खेचतो. मिस्त्रींनी चक हाताने फिरवला, डायलचा काटा कुठे चढतो ते बघून खडूने खूण केली. हातोडा घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी गॅसचं नोझल घेतलं, फुगलेल्या बाजूला रुपयाएवढा डाग लाल होईपर्यंत तापवला आणि त्यावर ओलं फडकं दाबलं. तापलेली जागा फुगू बघते, पण आजूबाजूचा थंड धातू तिला फुगू देत नाही. थंड झाल्यावर ती मूळच्यापेक्षा आखूड होते आणि पाइप सरळ ओढून घेते. काटा परत फिरवला तर निम्मा उतरला होता. दुसरा डाग थोडा लहान. बोलणं बंद, डोळा काट्यावर. डाग केवढा आणि किती वेळ, हे कुठल्या तक्त्यात असेल तर मला बघायला आवडेल.

"हातोड्यानं सरळ केल्याला रुसून परत वाकतो," एवढंच म्हणाले.

पुढचं बॅलन्सिंग ते स्वतः करत नाहीत, मशिनवाल्याकडे पाठवतात. तिथे शाफ्ट वेगाने फिरवून जड बाजू शोधतात आणि समोर पत्तीचा तुकडा जोडतात. मध्यापासून ३० मिलिमीटरवर १० ग्रॅम जास्त असले तरी ३००० फेऱ्यांना ते तीन किलोच्या जोराने ओढतात. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट, बारा किलो.

पण बॅलन्सिंगने सगळं सुटत नाही. त्या पिकअपच्या मालकाला मधलं सेंटर बेअरिंग नको होतं, कटकट म्हणून. एकसंध शाफ्ट दीड मीटरचा झाला असता. ६० मिलिमीटर जाडीचा तेवढा पाइप साधारण ४४०० फेऱ्यांना दोरीउडीच्या दोरीसारखा मध्ये फुगायला लागतो, मग तो कितीही तोलून केलेला असो. सुरक्षित मर्यादा त्याच्या पाऊणपट धरतात, म्हणजे ३३००. लांबी वाढली की हा आकडा वर्गाच्या प्रमाणात कोसळतो. दुप्पट लांबीला पाव उरतो. त्यात पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असेल तर शाफ्ट इंजिनापेक्षाही जास्त फिरतो. मिस्त्रींनी बेअरिंग ठेवायला लावलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण ऐकलं.

जीपचा प्रश्न याच्या उलट होता. तिचा शाफ्ट इतका आखूड की फुगण्याची भीतीच नाही. तिथे कोन मारतो. आधी ट्रान्सफर केस ते पिनियन आडवं अंतर ५०० मिलिमीटर आणि उतार १०० होता असं धरलं, तर कोन ११ अंश. दोन इंच उंची वाढली, उतार १५० झाला, कोन १७ च्या जवळ. लांब गिअरबॉक्समुळे ट्रान्सफर केस मागे सरकला, आडवं अंतर ४०० उरलं, आणि कोन साडेवीस. शाफ्ट क्रॉसपासून क्रॉसपर्यंत जेमतेम सतरा इंचांचा. इंजिनवाल्याने आपलं काम चोख केलं, पाटेवाल्यानेही. दोघांची बेरीज मिस्त्रींच्या दारात येऊन पडली.

जोराचीही बेरीज आहे. जुन्या पेट्रोल इंजिनाचा पिळा १५५ न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिला गिअर २.८ आणि ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ धरून गुणला, की शाफ्टवर हजाराच्या थोडं वर येतं. नव्या इंजिनाचा पिळा अडीचशे आणि पहिला गिअर चारच्या घरातला धरा, की अडीच हजारांच्या जवळ. म्हणजे क्रॉसही मोठ्या मापाचा हवा आणि योकही. मोठा योक वाकलेल्या स्थितीत लवकर अडतो, म्हणून कोन पुन्हा आडवा येतो.

पिनियनचं नाक वर करायला पाटे आणि हाऊसिंगमध्ये पाचर घालता येते. पण नाक शाफ्टच्या दिशेने वळवलं की खालचा कोन कमी होतो आणि वरचा तसाच राहतो. दोघांचं फेडाफेडीचं गणित मोडतं. मग वरच्या टोकाला दोन क्रॉस पाठोपाठ असलेला दुहेरी जॉइंट लागतो. तो लांब असतो, आणि इथे लांबीच नाही. शिवाय नाक जास्त वर गेलं तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. एक गोष्ट सरळ करायला जावं तर दुसरी वाकते, आणि दुसऱ्याच कुणीतरी वाकवलेल्या गाडीची घरघर शेवटी शाफ्टवाल्याच्या नावावर जमा होते. या धंद्याबद्दल मला वाटलेली काळजी ती हीच.

कायद्याचा भाग पोराने विचारलाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. मिस्त्री कागद बघत नाहीत; ते आपलं काम नव्हे, म्हणतात. मला ते पूर्ण पटलं नाही. पण कोन जमत नसेल तर काम परत करणारा माणूस निदान इथे भेटला.

"एक इंच उतरीव," त्यांनी पोराला सांगितलं.

"मामा, मग टायर घासतंय."

"घासू दे. टायर दिसतंय तरी. ह्यो तुटला तर खालनं पत्रा फाडून वर येतोय."

पोराने घरी फोन लावला, मग मित्राला, मग पाटेवाल्याला. अखेर एक इंच उतरवायला तयार झाला. मिस्त्रींनी वहीत नवा आकडा मांडला: उतार १२५, कोन साडेसतराच्या आत. तोही जास्तच, पण वरखाली सारखा ठेवता येईल, आणि ही गाडी काही महामार्गावर शंभरने जायची नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त सकाळी टॅक मारून ठेवलेला पाइप आता आठ मिलिमीटर लांब होता. त्यांनी ग्राइंडरने टॅक तोडले आणि पोराला पाटे उतरवून, टाकी भरून परत यायला सांगितलं.