कणकुंबीच्या पलीकडे परदेश होता

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला निघालो की वाटेत कणकुंबी लागते. इथे माउली देवीचे मंदिर आहे, मलप्रभेचा उगम आहे आणि एक तपासनाकाही आहे. गोव्याहून येणाऱ्या गाडीत दारू आहे का, एवढे पाहून नाक्यावरून गाडी सोडतात. आपल्या पिढीने इथली सीमा एवढीच पाहिली. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत या डोंगरापलीकडे परदेश होता. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता.

सीमा असली तरी सोयरीक दोन्हीकडे होती. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. जत्रेला जाणे-येणे होते आणि आपल्या भागातले धान्य, भाजीपालाही गोव्यात जात असे.

पुढे गोवामुक्तीचा लढा पेटला. बेळगाव त्याचे एक मोठे ठाणे होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक जण मारले गेले. त्या वर्षी भारताने नाकेबंदी केली. कॅसलरॉकहून गोव्यात जाणारी रेल्वे थांबली, गोव्यातली भारतीय वकिलात बंद झाली आणि ये-जा परवान्यावर आली. पोर्तुगीज सरकारने बटाटे नेदरलँड्सहून आणि तांदूळ पाकिस्तानातून मागवून वेळ निभावली. सालाझार काही नमला नाही. झळ बसली ती साध्या घरांना. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणेही अवघड झाले.

मग सुरक्षेसाठी वाट किती अडवावी? याच काळात हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. दमणहून दादरा-नगरहवेलीला भारताच्या हद्दीतून जाऊ द्यावे, अशी पोर्तुगालची मागणी होती. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, मात्र तो भारताच्या नियमांच्या अधीन होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो हक्क नव्हता. तणाव पाहून भारताने ये-जा रोखली, त्यातही न्यायालयाला नियमभंग दिसला नाही.

प्रवासी आणि शिपाई यांत फरक करायचा, हे त्या निकालाचे सार. आजही जगात जिथे जिथे सीमेवर रांगा लागतात, तिथे खरी कसोटी हीच असते.

कणकुंबीने तर पाच-सहा वर्षांत दोन सीमा बदललेल्या पाहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९६१ मध्ये पलीकडचा परदेश संपला. गाव मात्र होते तिथेच राहिले.

पुढच्या वेळी गोव्याला जाताना इथे दहा मिनिटे थांबा. त्याआधी घरातल्या आजी-आजोबांना एक विचारा: त्या वर्षांत आपले कोण पलीकडे होते आणि त्यांची खुशाली कशी कळायची? ते सांगतील ते लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.