सात जणांची जुनी गाडी घेताना

अंधेरी-बोरिवलीला जुनी अर्टिगा बघायला जाताय? आधी हिशोब मांडा. महिन्याला १००० किलोमीटर फिरणं असेल, तर लिटरला १२ देणारी गाडी ८३ लिटर पिते, १८ देणारी ५६. सीएनजी स्वस्त पडतो, पण पंप गावाजवळ हवा, आणि टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. मुंबईत पाणी तुंबतं, म्हणून पायाखालचं मॅटिंग उचलून गंज, चिखल, कुबट वास बघा. सातही जणांना बसवून चढावर चालवा. कर्जाचा बोजा, ई-चलन बाकी नाही ना, तपासा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. फॉर्म २९-३० भरून आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बचतीचा पैसा आहे, बायांनो, घाई नको.