नाव फुटबॉलचे, भांडण जमिनीचे



बांधावरच्या भांडणाला निमित्त बोरीच्या झाडाचे होते, पण खरे दुखणे जमिनीचे असते. देशांचेही तसेच. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि होंडुरास या शेजाऱ्यांत १९६९ साली लढाई झाली. जग तिला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणते. तिचे मूळ मात्र शेतात होते.

एल साल्वादोर लहान, वस्ती दाट आणि चांगली जमीन मोजक्या कॉफीवाल्या घराण्यांकडे. होंडुरास त्याच्या पाचपट मोठा, वस्ती विरळ. म्हणून भूमिहीन साल्वादोरी कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली आणि पडीक रान मोडून कसू लागली. १९६९ पर्यंत अशी माणसे सुमारे ३ लाख झाली. बहुतेकांकडे जमिनीचा कागद नव्हता.

होंडुरासचे शेतकरीही जमीन मागत होते. तेथील १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्याची कुऱ्हाड बड्या जमीनदारांऐवजी या परक्यांवर पडली. १९६९ मध्ये हजारो कुटुंबे हुसकली गेली. त्यातच जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत हेच देश समोरासमोर आले. दंगे झाले, वर्तमानपत्रांनी तेल ओतले. १४ जुलैला साल्वादोरचे सैन्य होंडुरासमध्ये घुसले.

अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने चार दिवसांत लढाई थांबवली. तेवढ्यात अंदाजे दोन हजार माणसे मेली, बहुतेक साधे गावकरी. तह झाला १९८० साली, सरहद्दीचा निकाल लागला १९९२ साली.

मंडळी, शेजाऱ्यावर काठी उगारण्यापूर्वी एवढे पाहावे : आपली जमीन खरोखर त्यानेच घेतली आहे काय?